चिंचेनं घासलेला फ्लोट

माझं डोकं लवकर तापतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी आईवर ओरडले ते वाचून कुणी दचकायला नको. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यातली निम्मी तरी ओरडण्यात गेली असतील. निवृत्त झाल्यावर ओरडायला नवराच तेवढा उरला, आणि तो बिचारा एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायला केव्हाच शिकलाय.

आम्ही विरारला फुलपाड्यात राहतो, चौथ्या मजल्यावर. आई उमेळ्याला, वाडीतल्या घरात. बाबा गेले त्याला वर्ष उलटलं होतं, वर्षश्राद्धही झालं होतं, आणि मी एकच टुमणं लावलं होतं की आई, आता इकडे राहायला ये. मी एकुलती एक. वाडी म्हणजे तरी काय उरलीय, तर केळीच्या चार ओळी, दोन चिकू, मोगऱ्याचा एक पट्टा आणि विहीर. शेजारची वाडी गेली, तिथं सात मजली इमारत उभी राहिली, आणि तिथल्या बायका गॅलरीत उभ्या राहून आईच्या केळीला घड किती लागले ते बघतात. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून एकटीनं ये-जा करते, हे काही मला झेपत नव्हतं. दर रविवारी मी जायची, दर रविवारी भांडायची आणि केळी घेऊन परत यायची.

आई मूळची चांदीपची, भातशेतीतली. पन्नासावर वर्षं उमेळ्यात काढली, पण 'पाणी' काही म्हणाली नाही, तिचं ते 'पानी'च. नवरात्र बसायच्या आधीच्या रविवारी मी नेहमीचं सुरू केलं, तशी तिनं निवडायची मेथी बाजूला ठेवली.

"ऐक," ती म्हणाली. "यंदा दसऱ्याला इंजिन लागलं तर मी इथंच राहनार. नाही लागलं तर येते तुझ्या चौथ्या मजल्यावर. बसवशील तिथं बसेन. पन काहीही झालं तरी हा विषय बंद."

"कबूल," मी लगेच म्हणाले.

"आनि इंजिन मी बघायचं नाही. ते तू बघायचंस. तुझ्या बापाचं आहे."

आता हे इंजिन म्हणजे काय ते सांगते. विहिरीला लागून पत्र्याचं खोपट आहे, त्यात पाणी उपसायचं जुनं इंजिन बसवलेलं आहे. पेट्रोलवर सुरू करायचं आणि मग रॉकेलवर चालवायचं, असं. वाडीला विजेची मोटर बसली, रॉकेल औषधालाही मिळेनासं झालं, तरी बाबांनी ते हलवलं नाही. दर दसऱ्याला ते पेट्रोलवर पाच मिनिटं चालवायचे. झेंडूचा हार घालायचे, हळदकुंकू वाहायचे, दोरी ओढायचे. इंजिन फटफट करायला लागलं की आई ओवाळायची. आमच्या घरात बंद इंजिनाला ओवाळत नाहीत. आधी त्याला उठवायचं, मग त्याची पूजा, ही आजोबांपासूनची रीत.

बाबा गेले त्या वर्षी दुखवट्याचं वर्ष म्हणून सणच केला नाही. म्हणजे इंजिन दोन वर्षं तसंच पडून होतं. मी 'कबूल' म्हटलं ते उगाच नाही. मला पक्कं ठाऊक होतं की ते सुरूच होणार नाही.

आणि तसंच झालं. मी फुलपाड्यातून एक ओळखीचा मेकॅनिक आणला. जुन्या मोटरसायकली करतो, हाताला चांगला आहे. टाकीत पेट्रोल घालून कॉक उघडला तशी कार्बोरेटरखालून धारच लागली. त्यानं कार्बोरेटर खोलला आणि आतून एक पितळी डबी काढून माझ्या कानाशी हलवली. बेताच्या लाडवाएवढी पोकळ डबी, मधोमध सांधलेली. आत खुळखुळ वाजत होतं.

"हा फ्लोट, मॅडम. पेट्रोलवर तरंगतो. पेट्रोल वर चढलं की हाही चढतो आणि सुई दाबून पेट्रोल बंद करतो. आता याला कुठेतरी भोक पडलंय, आत पेट्रोल शिरलंय. हा बुडून बसलाय, तर सुई दाबणार कोण?"

"मग नवा टाका."

"मिळतो कुठे आता? ही कंपनीच राहिली नाही." त्यानं फ्लोट उजेडात धरून फिरवला. सांध्यावर राखाडी डागांची रांग होती, एकाशेजारी एक. "आणि बघा, सोल्डरचे डाग देऊन कितीदा झाळलाय. पत्रा पण पातळ झालाय. याला काही आंबट लागत होतं का? ॲसिडसारखं काही? हे डाग कशानं तरी खाल्ल्यासारखे दिसतात."

"इंजिनात कोण आंबट घालेल!" मी म्हणाले.

"मग माहीत नाही. पण मी याला हात नाही लावणार. फुटला तर तुम्ही मलाच बोलणार." मला ओळखतो तो. "द्या भंगारात सगळंच."

आई चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कप त्याच्या हातात दिला आणि "बरं" म्हणाली. एवढंच. माझी आई 'बरं' म्हणून गप्प बसणारी बाई नाही. दहा गोष्टी ऐकवल्याशिवाय ती भाजीवाल्यालाही सोडत नाही. ती आत गेली, पदरानं खुर्ची पुसली आणि बसून राहिली. मी जिंकले होते. आणि मला इतकं कसंतरी झालं, की विचारू नका.

"काय करायचं ते सांगा," मी मेकॅनिकला म्हटलं. "मी करते."

तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला आणि नीट सांगू लागला.

नवऱ्याला फोन केला की मी दसऱ्यापर्यंत उमेळ्यालाच राहते, इंजिनाचं सोल्डरिंग करायचं आहे. तो म्हणाला, "तू आणि पेट्रोल, आणि वर आग. तिन्ही एका जागी नकोत गं." मी फोन ठेवला.

बाबांची लाकडी पेटी कॉटखाली होती. पेटीला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा एकच हट्ट. आत धारदार हत्यारं आहेत म्हणायचे. आईनं ती पुसली रोज, उघडली कधी नाही. मी उघडली तेव्हा वरच्या कप्प्यातच सगळं मिळालं. सोल्डरिंग आयर्न, ज्याला बाबा इस्त्री म्हणायचे, सोल्डरच्या तारेचं वेटोळं, पेस्टची डबी आणि पॉलिश पेपर. पेस्टवर बोटाचा ठसा होता. मी थोडा वेळ तो बघत बसले. मग डबी तशीच बंद केली आणि नाक्यावरून नवी घेऊन आले.

पहिलं काम भोक शोधायचं. पाणी चुलीवर नाही, आत गॅसवर तापवलं आणि बादली मागच्या ओट्यावर आणली, कारण पेट्रोल आणि आग जवळ आणायची नाही, हे मेकॅनिकनं तीनदा बजावलं होतं. गरम पाण्यात फ्लोट बुडवला की आतलं पेट्रोल आणि हवा फुगते आणि भोकातून बुडबुडे येतात. मी बुडवला. डोळे फाडून बघितलं. काही दिसेना.

"सरक," आई म्हणाली. कधी येऊन उभी राहिली कोण जाणे. उकिडवी बसली, बादलीवर वाकली आणि म्हणाली, "हा बघ. डाव्या अंगाला. बारीक आहे, तांदळाच्या कनीएवढा."

"तुला कसा दिसला?"

"दरवर्षी मीच बघायची. तुझ्या बाबांना दिसायचा नाही. ते म्हनायचे, तुझ्या डोळ्यांना दिसतं ते माझ्या डोळ्यांना दिसत नाही."

भोक खाली करून फ्लोट पुन्हा पुन्हा गरम पाण्यात धरला, तसं आतलं पेट्रोल थेंबथेंब बाहेर आलं. दोन दिवस उन्हात ठेवला. कानाशी हलवून वाजेनासा झाला, नाकाशी धरून वास येईनासा झाला, तेव्हा इस्त्री तापवली. पॉलिश पेपरनं भोकाभोवती घासलं, पेस्ट लावली आणि सोल्डर सोडलं. चांगलं घसघशीत सोडलं. म्हटलं, परत गळायचं नावच नको.

कार्बोरेटरमध्ये बसवला. कॉक उघडला. धार लागलीच.

मेकॅनिकला फोन केला आणि आधी त्याच्यावर ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, किती सोल्डर घातलंत?" मी सांगितलं. तो म्हणाला, "तो तरंगायला हवा ना. तुम्ही त्याला गोळा चिकटवलात. जड झाला की तो वर येणार कसा?" आई मागून ऐकत होती. म्हणाली, "हिचं तसंच आहे. पोळीला तूप पन असंच लावते, निथळेपर्यंत." मी दुपारभर बसून कानशीनं तो गोळा उतरवला.

दुसऱ्या खेपेला कमी घेतलं, तर नवीनच तऱ्हा. डाग बसतोय बसतोय म्हणेपर्यंत आतली हवा तापायची आणि ओल्या सोल्डरमधून फुस्स करून बाहेर यायची. मध्ये सुईच्या अग्राएवढं भोक तसंच. एकदा झालं, दोनदा झालं, चारदा झालं. पाचव्या वेळी मी इस्त्री आपटली आणि म्हणाले, "जाऊ दे, मरू दे ते इंजिन! चल फुलपाड्याला!"

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मनात आलं की इथंच सोडून द्यावं. मी प्रयत्न केला, हे आईनं पाहिलं होतं. कुणी मला नावं ठेवली नसती. आई माझ्या घरी आली असती, मला रोज तिच्या हातचा चहा मिळाला असता, पायरीवरून पडेल ही धास्ती गेली असती. मला ती हवी होती. बाबा गेल्यापासून तर फारच हवी होती.

आईनं पदर खोचला. "ओलं फडकं आन," म्हणाली. "अगं, त्याला सगळ्या अंगानं ओलं फडकं गुंडाळायचं. फक्त भोकाएवढी जागा उघडी आनि कोरडी ठेवायची. म्हनजे आतली हवा तापत नाही. फडकं मी धरायची, डाग ते द्यायचे. झटकन टेकवायचे आनि उचलायचे. तू टेकवून बसतेस."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का? तू तर इस्त्रीशी भांडत होतीस."

तिनं फडकं धरलं. तिची बोटं आता वाकडी झालीत, पण धरायचं कसं ते त्या बोटांना माहीत होतं. मी झटकन टेकवलं आणि उचललं. गव्हाएवढा चकचकीत डाग बसला. थंड झाल्यावर गरम पाण्यात बुडवला. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. बुडबुडा आला नाही. आईनं "हं" केलं आणि चहा टाकायला गेली. मी तिथंच ओट्यावर बसून थोडी रडले. बाबा कसे बसत असतील, आई कशी धरत असेल, ते सगळं माझ्या हातांना कळलं होतं.

ती अष्टमी. फ्लोट रात्रभर ओट्यावरच राहिला, सकाळी बसवू म्हणून.

नवमीला सकाळी मी झेंडू आणायला वसईच्या बाजारात गेले. खंडेनवमी, गर्दी ही अशी. झेंडू, आपट्याची पानं, नारळ घेऊन परत आले तर मागच्या दारी आई पितळेच्या ढिगात बसलेली. समया, घंगाळ, तांब्या, पराती, सगळं चिंच-मिठानं घासून लखलखीत केलेलं. आणि तिच्या हातात फ्लोट. चिंचेचा कोळ लावून काथ्यानं खसाखसा घासत होती.

"आई! काय करतेस!"

ती दचकली. फ्लोट परातीत पडला.

"काय करतेस म्हनजे? घासते."

"अगं तो इंजिनाचा आहे! चार दिवस मी मरतेय त्याच्यापाठी!"

"मला माहीत आहे कुनाचा आहे ते," तीही चिडली. "दरवर्षी मीच घासते. तूच ओट्यावर ठेवलास ना काढून? मला वाटलं घासायलाच ठेवलास. तुझे बाबा असाच ठेवायचे."

"बाबा ठेवायचे?"

मग तिनं सांगितलं. या घरात आली त्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याची गोष्ट. आजी म्हणाली होती, घरातलं पितळ तेवढं सगळं घास. नवी नवरी, सगळं म्हणजे सगळं. बाबांनी इंजिन खोलून हा ओट्यावर ठेवला होता. "मला वाटलं कुंकवाचा करंडा आहे, झाकन बसलंय. चांगला घासला. झाकन निघेना म्हनून दातानं पन बघितलं. हे आले, हातात घेतला, बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतात. तर म्हनाले, चकचकीत केलंस की! तेव्हापासून दर वर्षी स्वतः आनून द्यायचे. हा पन घास म्हनायचे. मग आम्ही पान्यात बघायचो. कधी बुडबुडा यायचा, कधी नाही. नाही आला तर हिरमुसायचे."

हे ऐकताना मला मेकॅनिकचं बोलणं आठवलं. याला काही आंबट लागत होतं का? आणि तिथं गप्प राहायचं, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण तापलेलं डोकं ते. फ्लोट उचलून मी भांडी विसळायला ठेवलेल्या बादलीतल्या गरम पाण्यात धरला. कालच्या डागाच्या कडेनं बुडबुडा आला.

"बघ! बघ काय केलंस! या चिंचेनंच तो दरवर्षी गळतो! चिंच डाग खाते, आई! मेकॅनिकनं तेच सांगितलं होतं!"

हातातला काथ्या तिनं हळूच खाली ठेवला.

"म्हनजे मीच बिघडवत होते?"

मी फ्लोट पाण्यातून बाहेर काढला.

"पन्नास वर्षं? मला वाटायचं, मी मदत करते त्यांना."

ती उठली. हात धुतले. आत गेली. मला वाटलं पाणी प्यायला गेली असेल. पाच मिनिटांनी बघते तर कपाटासमोर उभी, कॉटवर कापडी पिशवी, आणि त्यात दोन लुगडी, औषधांचा डबा, बाबांचा फोटो.

"चल," ती म्हणाली. "येते मी तुझ्याकडे. इंजिन काही लागत नाही आता. इथं राहून तरी मी काय करू?"

जे ऐकायला मी वर्षभर भांडत होते, ते आई स्वतःच्या तोंडानं बोलली. पण अशी नको होती मला ती. अशी मान खाली घालून आलेली आई घेऊन मी काय करणार होते? चौथ्या मजल्यावर तिला खिडकीशी बसवून ठेवणार होते?

"उद्या दसरा आहे," मी म्हणाले. "बोली उद्यापर्यंतची आहे. मी पुन्हा झाळते."

पिशवी कॉटवरच राहिली.

मी पेटी ओढली. सोल्डरची तार संपत आली होती, म्हणून खालचा कप्पा उपसला. खिळे, वॉशर, जुने प्लग. तळाशी पॉलिश पेपरच्या खाली एक पुडकं होतं, पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्राचं, ग्रीसनं माखलेलं. सोडलं. आत फ्लोट होता. नवा कोरा. सांध्यावर एकही डाग नाही, पितळ अजून पिवळंधमक.

पहिल्यांदा मी बाबांवर चिडले. मोठ्यानं म्हणाले, "बाबा, तुम्ही पण ना!" नवा घरात असताना जुन्याला ठिगळं लावत बसले! आणि मग एकेक आठवायला लागलं. बाबांचे डोळे. बाबांना बुडबुडा दिसायचा नाही म्हणे! अहो, शेवटपर्यंत आईच्या सुईत दोरा तेच ओवून द्यायचे. केळीच्या पानामागं लपलेली अळी त्यांना खोपटातून दिसायची. मी तशीच उठून आईपुढे गेले आणि तिच्या हातात तो ठेवला.

"हा कुठला?"

"बाबांच्या पेटीतला. नवा आहे. कधीचा आणून ठेवलाय."

तिनं तो उलटसुलट करून बघितला. मग कॉटवर बसली.

"तू दहावीला होतीस," ती म्हणाली. "आम्ही दोघं मुंबईला गेलो होतो, हाच शोधायला. लोखंडाच्या बाजारात. मी दुकानाबाहेर पिशव्या घेऊन उभी. हे आत गेले, खूप वेळानं आले आनि म्हनाले, 'नाही गं मिळत. जुनाच सांभाळायला हवा आपल्याला.' मी म्हटलं, सांभाळू."

"त्यांना माहीत होतं, आई," मी म्हणाले. "चिंचेचं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुला काहीच बोलायचं नव्हतं त्यांना. आणि नंतर तर त्यांना तो गळायलाच हवा होता. तुझ्याबरोबर बसायला मिळायचं म्हणून."

आई हसायला लागली. खांदे हलवत, आवाज न करता. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, तरी हसतच होती. "लबाड मानूस," ती म्हणाली. "मेला लबाड मानूस! आनि मी बाहेर उन्हात पिशव्या धरून उभी!" मी तिच्याशेजारी बसले. तिनं माझा हात घेतला आणि दाबून धरला.

मग मी डोळे पुसले आणि नव्या फ्लोटला हात घातला. "हा बसवू. दहा मिनिटांचं काम आहे."

तिनं तो पदराखाली घेतला.

"हा ठेव जिथं होता तिथं. जुना आन. आनि पानी तापव."

आम्ही पुन्हा बसलो. उरलेल्या तारेच्या तुकड्यात जेमतेम एक डाग निघाला. तिनं फडकं धरलं, मी टेकवलं आणि उचललं. दसऱ्याला सकाळी मी दोरी ओढली. एकदा, दोनदा, सात-आठदा. हात खांद्यातून निखळतो की काय असं झालं. आई निरांजन घेऊन उभी, मला टोमणे मारत होती, "जोर लाव, काल जेवली नाहीस का?" आणि मग इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि फटफट करत सुटलं. शेजारच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत आल्या. कार्बोरेटरखालची जमीन कोरडी होती. आईनं ओवाळलं. इंजिनाला, आणि मग माझ्याकडे वळून मलाही.

पिशवीतला बाबांचा फोटो तिनंच परत भिंतीवर लावला. आमच्यात तो विषय बंद झाला. मी रविवारबरोबर आता बुधवारीही जाते, आणि विहिरीच्या पायरीला लोखंडी कठडा बसवून घेतला. तो बसवताना मात्र आम्ही कडकडून भांडलो.

यंदा नवमीला मी लवकर पोचले. खोपटात जाऊन कार्बोरेटर खोलला, फ्लोट काढला, हलवून बघितला. आत काही वाजत नव्हतं. ठणठणीत होता. काही करायची गरज नव्हती. मी तो मागच्या ओट्यावर नेला आणि आईच्या पितळेच्या ढिगात समईशेजारी ठेवला.

आई चिंच भिजवत होती. तिनं फ्लोटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा पण घास," मी म्हणाले.

तिनं घासला. चांगला, काथ्यानं, मीठ लावून. मी बादलीत गरम पाणी ओतलं आणि दोघी वाकलो. पाणी स्थिर झालं. मी श्वास रोखून बघत होते आणि मनात म्हणत होते, येऊ दे, येऊ दे. मला आधी दिसला. डाव्या अंगाला, तांदळाच्या कणीएवढा.

"मला काही दिसत नाही," मी म्हणाले. "तूच बघ."